रस्ता नगराचा, तारा कंपनीच्या
(वीज कामगारांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)

वीज आणि ज्वलनवायू पुरविणाऱ्या कंपनीला शहरात पाऊल टाकताना सर्वप्रथम हवा असतो तो रस्ता. रस्त्याखालून नळ आणि तारा नेल्यावाचून तिला एका पैशाचाही धंदा करता येत नाही. आणि रस्ता तर नागरिकांच्या मालकीचा! अमेरिकेत नगरपालिका हा वापरहक्क ज्या कराराने देते, त्यास 'फ्रँचायझी' म्हणतात. भिवंडीत २००७ पासून याच नावाने सुरू झालेली पद्धत निराळी आहे. तेथे तारा सरकारी वितरण कंपनीच्याच राहिल्या. वाटप व वसुली तेवढी खाजगी कंपनीकडे गेली.

अशा करारात सर्वाधिक गाजावाजा होतो तो शुल्काचा. परंतु हे शुल्क बहुधा ग्राहकांच्या बिलातूनच वसूल होते. म्हणजे नगरपालिकेच्या तिजोरीत पडणारा पैसा कंपनीच्या नफ्यातून नव्हे, तर नागरिकांच्याच खिशातून येतो. खरा प्रश्न दोन कलमांचा आहे: मुदत किती, आणि मुदतीअखेर यंत्रणा कोणाची?

कॅलिफोर्नियातील सान दिएगो नगराने १९७० मध्ये आपल्या वीज-वायू कंपनीशी तब्बल ५० वर्षांचा करार केला. दोन पिढ्यांचे हात त्या एका सहीने बांधले गेले. मुदत सरली तेव्हा नगराने निविदा मागविल्या. पण २०२१ मध्ये नगरासमोर उरली ती एकट्या जुन्या कंपनीची बोली. यात नवल ते काय? दुसऱ्या कोणालाही आधी त्या कंपनीच्या तारा आणि नळ विकत घ्यावे लागले असते. तरीही जनमताच्या रेट्याने एक गोष्ट साधली: नवी मुदत १० वर्षांची ठरली, आणि पुढील १० वर्षे रोखण्याचा मार्ग नगरसभेच्या हाती राहिला.

कोलोरॅडोतील बोल्डर नगराने अधिक धाडस केले. २०१० मध्ये जुना करार संपू दिला आणि २०११ च्या मतदानाने स्वतःची वीजव्यवस्था उभारण्याचा निर्धार केला. मात्र कोणत्या तारा घ्यायच्या आणि त्यांची किंमत काय, यावर वर्षानुवर्षे कज्जे चालले. कोट्यवधी डॉलर खर्ची पडले. अखेर २०२० मध्ये मतदारांनी त्याच कंपनीशी नवा करार मान्य केला. निर्धार होता, परंतु खरेदीची वाट आधी आखलेली नव्हती.

याउलट मुंबईचा दाखला पाहा. १९०५ च्या सनदेत ठरावीक काळानंतर वीज व ट्राम कंपनी विकत घेण्याचा हक्क नगरपालिकेने राखून ठेवला होता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, तो बजावला गेला आणि 'बेस्ट' नगराच्या मालकीची झाली. बेचाळीस वर्षांपूर्वी लिहिलेले एक कलम त्या दिवशी कामास आले.

म्हणून मित्रहो, वाटाघाटीच्या मेजावर आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. मुदत अल्प असावी. खरेदीचा हक्क आणि किंमत ठरविण्याची रीत करारातच लिहिलेली असावी. हिशेब जनतेस खुले असावेत. आणि मालकी बदलली तरी कामगारांची नोकरी, वेतन व निवृत्तिवेतन अबाधित राहील, हे कलम परिशिष्टात नव्हे, मूळ मसुद्यात असावे. सही होण्यापूर्वीच नगराच्या हाती बळ असते. सही झाल्यावर उरते ती केवळ प्रतीक्षा.