माफी कोठे मागावी, कोठे मागू नये
(सलिहोतच्या दिवसांत सिनेगॉगमध्ये झालेले भाषण)



एलुल महिना लागला की आपण सलिहोतसाठी पहाटे उठतो आणि देवापाशी क्षमा मागतो. याच दिवसांच्या आगेमागे, १ ऑगस्टला, लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी येते. माफीविषयी मला जे कळले त्यातील बराचसा भाग त्यांच्या चरित्राने शिकवला, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलतो.

१८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली. त्यांतून कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर महाराजांच्या छळाचा आरोप करण्यात आला. पुढे, ज्या पत्रांच्या आधारावर तो आरोप उभा होता, ती पत्रे बनावट ठरली. टिळकांनी आणि आगरकरांनी माफी मागितली. तरीही शिक्षा झालीच. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले.

१८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. माफी मागून मोकळे व्हावे, असा सल्ला हितचिंतकांनी दिला. टिळकांनी तो मानला नाही. लोकांमधील आपले स्थान आपल्या चारित्र्यावर उभे आहे, तेच गमावून सुटण्यात काय अर्थ, अशी त्यांची भूमिका होती. १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ साली पुन्हा तोच आरोप झाला, तेव्हा २१ तासांहून अधिक काळ त्यांनी स्वतःच स्वतःची बाजू मांडली. सहा वर्षांची शिक्षा घेऊन ते मंडालेला गेले. तेथे 'गीतारहस्य' लिहून झाले. परंतु १९१२ साली पुण्यात पत्नी सत्यभामाबाई वारल्या, तेव्हा हा माणूस कोठडीतच होता. तत्त्वाची किंमत घरालाही मोजावी लागते, हे आपण विसरू नये.

१९१६ साली, ऐन साठाव्या वाढदिवशी, त्यांच्या हाती पुन्हा सरकारी नोटीस पडली. या वेळचा आक्षेप स्वराज्यावर त्यांनी मराठीत केलेल्या भाषणांवर होता. जामिनाचा हुकूम पुढे मुंबई हायकोर्टाने रद्द केला. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि त्यांच्यासोबत आपल्याच बेने इस्राएल समाजातील एरुळकरही होते. हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

टिळकांची सर्वच मते मला मान्य नाहीत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी केलेला विरोध मला पटत नाही. परंतु एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. जेथे आपली चूक झाली तेथे त्यांनी मान लववली. जेथे चूक नव्हती तेथे तुरुंग पत्करला, पण मान लववली नाही.

मी मात्र नेमका उलट वागलो. या देशात नवा आलो तेव्हा, कामाच्या ठिकाणी आमच्या माणसांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी मी एकदा खरे तेच बोललो. दुसऱ्या दिवशी माफीचा कागद पुढे आला. घरी लहान मुले होती. मी सही केली. त्याच सुमारास भारतात राहिलेल्या थोरल्या भावाला मी पत्रातून नको ते लिहिले होते. तेथे चूक उघड माझी होती, पण दोन ओळी लिहायला माझा हात उचलला नाही. भाऊ गेला. सही केलेला कागद आज कोणाला आठवतही नसेल. न लिहिलेले पत्र मात्र दर योम किप्पूरला माझ्यापुढे येऊन उभे राहते.

माणसाने माणसाचा केलेला अपराध, त्या माणसाची समजूत काढल्यावाचून योम किप्पूरनेही धुतला जात नाही, ही आपल्या पूर्वाचार्यांची शिकवण आहे. आपले वाडवडील कोकणात या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत. दारे लागण्यापूर्वी ज्याला पत्र लिहायचे त्याने लिहावे, ज्याच्याकडे जायचे त्याच्याकडे जावे. आणि ज्या गोष्टीत आपण खरे आहोत, तेथे कोणी कागद पुढे केला तर तरुणांनी सही करण्यापूर्वी मंडालेची ती कोठडी आठवावी.

आपणा सर्वांना नवे वर्ष सुखाचे जावो. शालोम.