नियमांची पुस्तकं किती घ्यावीत?

पनवेलला दर रविवारी माझ्या घरी पाच मुलं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला जमतात. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि पात्राचा डाव साधला की फसला, हे २० बाजूंच्या फाशानं ठरवायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली आला.

नियमांची मुख्य पुस्तकं तीन : खेळाडूंचं, गोष्ट सांगणाऱ्याचं आणि राक्षसांचं. नवी मुलं विचारतात, "काका, तिन्ही घ्यायची?" मी म्हणतो, आधी एकही नको. मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात. २०२३मध्ये ते मुक्त परवान्याखाली खुले झाले. फासे तेवढे आणा. चार रविवार खेळ रंगला, तर वर्गणी काढून खेळाडूंचं एक पुस्तक घ्या; ते सगळ्यांत फिरतं. राक्षसांचं शेवटी घेतलं तरी चालेल. कर्नाळ्याचा सुळका, खालचं रान आणि आजीच्या गोष्टींतला वेताळ एवढ्यावर पहिली मोहीम सहज निघते.

ही पुस्तकं महाग आहेत. तिन्हींची अट घातली, तर पाचातली दोन मुलं उंबऱ्याबाहेरच राहतील. मग खेळायचं कुणाबरोबर?