एका चित्रकाराची पुस्तकयादी



उन्हाळ्याच्या सुट्टीत काय वाचावे, असे तरुण कार्यकर्ते विचारतात. मी अर्थशास्त्राचा अध्यापक; तरीही मी सुचवतो ती यादी व्हिन्सेंट व्हॅन गॉग या चित्रकाराची आहे.

बेल्जियममधील बोरिनाज या कोळसाखाणींच्या प्रदेशात तो खाणकामगारांमध्ये राहिला. १८८० च्या उन्हाळ्यात भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात त्याने मिशेले, ह्यूगो, डिकन्स आणि हॅरिएट बीचर स्टो यांचा आदराने उल्लेख केला. १८८५ साली त्याने दिव्याच्या उजेडात बटाटे खाणारे शेतकरी कुटुंब रंगवले. त्याच वर्षी खाणकामगारांच्या संपावरील झोलाची ‘जर्मिनल’ ही कादंबरी वाचली. १८९० मधील मादाम जिनू यांच्या व्यक्तिचित्रात मेजावर दोन पुस्तके दिसतात : ‘अंकल टॉम्स केबिन’ आणि डिकन्सच्या नाताळकथा.

वेतनाचे दर आम्ही कोष्टकात मांडतो. त्या वेतनावर चालणाऱ्या घरातले मौन कोष्टकात येत नाही. ज्यांच्या वतीने आपण बोलतो त्यांचे जगणे ठाऊक नसेल, तर आपली भाषणे पोकळ ठरतील. म्हणून अहवालांच्या जोडीने यांपैकी एक तरी पुस्तक या सुट्टीत वाचावे, आणि मग वस्तीत जावे, एवढीच विनंती.