टांगाइलची उडी आणि घरातली ट्रंक



११ डिसेंबर १९७१. बांगलादेशाचे युद्ध चालू होते. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या टांगाइलजवळ दिवस कलला होता आणि आभाळातून छत्र्या उतरत होत्या. ती आपल्या सैन्याची दुसरी पॅरा बटालियन होती, म्हणजे पूर्वीची मराठा पलटण. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखालचे जवान भातखाचरांत, तळ्यांच्या काठी उतरले. बंगाली गावकऱ्यांनी त्यांच्या जड पेट्या उचलून दिल्या. त्याच रात्री लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल पलटणीच्या ताब्यात आला आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडली. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला सकाळी, हीच पलटण ढाक्यात शिरली.

एवढे पुस्तकांत आहे. पण पलटण लढते ती कंपन्यांच्या बळावर. कंपनी म्हणजे शंभर-सव्वाशे माणसे, एकमेकांना नावागावाने ओळखणारी. युद्धाची रोजनिशी पलटणीच्या मुख्यालयात लिहिली जाते. खंदकात कोण कोणाशेजारी होता, शेवटचे पाणी कोणी कोणाला दिले, हे त्या कंपनीलाच ठाऊक असते. या उडीचे म्हणून तेव्हा वर्तमानपत्रांत जे छायाचित्र छापून आले, तेसुद्धा टांगाइलचे नव्हते, आधीच्या एका सरावाचे होते. खरी उडी ज्यांनी मारली, ती त्यांच्याच डोळ्यांत राहिली.

साताऱ्याकडच्या एका घरी मी एका माजी छत्रीसैनिकाची ट्रंक उघडताना पाहिली. डांबरगोळ्यांचा वास, मरून टोपी, पंखांचा बिल्ला आणि तळाशी कंपनीचा फोटो. आजोबा एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव आणि गाव सांगत गेले. दुसऱ्या रांगेत बोट थांबले. "ह्याचं नाव... आत्ता होतं बघा तोंडावर." बराच वेळ ते त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. नाव आठवले नाही. सुनेने तेवढ्यात नातवाची वही आणली आणि बाकीची नावे लिहून घेतली. त्या वहीला मी इतिहासच म्हणेन.

१९७१ साली विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. म्हणून माझे मागणे साधे आहे. घरात असा माणूस असेल तर त्याच्याजवळ बसा. फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा. पत्रांना प्लास्टिक चिकटवू नका, कोरड्या जागी ठेवा. मोबाइलवर त्याचा आवाज त्याच्याच बोलीत टिपा. दोघा सोबत्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, आपल्या मनाने दुरुस्त करू नका. आणि या सगळ्याची एक प्रत त्याच्या पलटणीकडे पाठवा.

हे पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. येत्या रविवारी ट्रंक उघडा.