दुसऱ्या हातांनी पुरं होणारं काम



१८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले. त्यांच्यामागून विल्यम बेनन आले. या मिशनने १८३२ साली गावात इंग्रजी शाळा काढली. बेळगावकर आज तिला बेनन स्मिथ हायस्कूल म्हणून ओळखतात. पुढे लंडनच्या मंडळाने इथलं काम मेथडिस्ट मिशनकडे सोपवलं. कंपनी सरकार गेलं, ब्रिटिश गेले. १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. एवढ्या उलथापालथीतून शाळा टिकली, कारण ती एका माणसावर उभी नव्हती. नेतृत्वावर पुष्कळ पुस्तकं निघतात, पण आपल्या आसपासच्या ख्रिस्ती सेवाकार्याचा इतिहास त्याबद्दल जे शिकवतो, ते महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या तरुणांनी जवळून पाहावं असं आहे.

दुखणं हाताबाहेर गेलं की इथली माणसं रुग्णाला मिरजेला नेत. त्या वाटेला सुरुवात करून देणारे डॉक्टर विल्यम जेम्स वानलेस कॅनडात जन्मले, न्यूयॉर्कमध्ये शिकले आणि १८८९ साली प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी पैसा दिला आणि १८९४ साली रुग्णालय उघडलं. मराठी आणि कानडी मुलखाच्या सांध्यावर, रेल्वेच्या जंक्शनवर असल्यामुळे रुग्ण दोन्ही बाजूंनी येऊ लागले.

वानलेस यांचा हात शस्त्रक्रियेत नावाजलेला होता. अशा माणसाला सगळं स्वतःच करण्याचा मोह होतो. रांग दाराबाहेर गेलेली असताना शिकाऊ मुलाला शेजारी उभं करून हळूहळू दाखवत बसणं म्हणजे वेळ घालवणं वाटतं. वानलेस यांनी तो वेळ दिला. रुग्णालय उघडून तीनच वर्षं झाली होती, तेव्हा, १८९७ साली, त्यांनी वैद्यकीय विद्यालय सुरू केलं. पश्चिम भारतातलं ते पहिलं मिशनरी वैद्यकीय विद्यालय. तिथे तयार झालेल्या भारतीय डॉक्टरांमुळे मिरजेची विद्या मिरजेबाहेर गेली. वानलेस १९२८ साली निवृत्त झाले, १९३३ साली अमेरिकेत वारले. रुग्णालय चार्ल्स व्हेल यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी पुढे वाढवलं.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचा जन्म १८५८ सालचा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळचा. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९३ साली धर्मांतराच्या वादातून सल्लागार मंडळातले मोठे लोक बाजूला झाले, अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. पाठीशी उभी असलेली प्रतिष्ठा एका वर्षात सरली. तरी १८९६-९७ च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात फिरून उपाशी, निराधार मुली गोळा करत होत्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं आणि १९०० च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार मुली-बायका राहत होत्या.

एवढ्यांना नुसतं जेवायला घालणं हेसुद्धा डोंगराएवढं काम. रमाबाईंनी त्या बायकांनाच संस्थेच्या कामकरी केलं. शेती, विणकाम, स्वयंपाक, आजाऱ्यांची देखभाल आणि छापखानाही त्यांच्याच हातात. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते छापून बाहेर पडलं १९२४ साली. रमाबाई १९२२ सालीच गेल्या होत्या. वारस म्हणून तयार केलेली लेक मनोरमा आईच्याही आधी, १९२१ साली वारली होती. नेमलेला वारसच गेला, तरी ग्रंथ पुरा झाला, कारण काम शिकलेले हात एकदोन नव्हते, शेकड्यांनी होते. मुक्ती मिशन केडगावला आजही सुरू आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचा मार्ग वेगळा. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत गेल्या नाहीत. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि पुढे स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी वाट पाहिली. घरातल्या माणसावरही विश्वास लादायचा नाही, हे जमलेला माणूस १९१७ साली मिशनचा पगार सोडतो आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा देणारा ‘देवाचा दरबार’ मांडतो, यात नवल नाही. १९१९ साली ते गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा फार मोठा भाग लिहिला. १९३८ साली, त्यांच्याही मृत्यूनंतर, ते प्रसिद्ध झालं.

सीमाभागात या सगळ्याला आणखी एक अट जोडलेली आहे: लोकांची भाषा. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओव्यांत रचलेलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. आज बेळगाव धर्मप्रांतात उपासना कोकणी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत चालते. भाषेवरून पेटलेला सीमावाद न्यायालयात आहे आणि तिथे तो चालेल. पण निपाणीच्या विडी कामगार बाईचा अर्ज भरून देणाऱ्याला तिची मराठी समजली पाहिजे आणि त्याच टेबलाशी उभ्या असलेल्या चिकोडीच्या शेतकऱ्याचं कन्नडही. ज्याला दोन्ही येतात, त्याच्याकडे माणसं आपणहून येतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कुणी आता दवाखान्यात, कुणी शाळेत, कुणी पतसंस्थेत किंवा सरकारी कचेरीत रुजू होईल. पहिल्या वर्षातच आपल्या हाताखालचा एक माणूस निवडा आणि स्वतःला येणारं सगळं त्याला शिकवा, काही राखून न ठेवता. एखादं काम सोपवलं की त्यात पुन्हा हात घालू नका. चूक झाली तर ती त्याच्याचकडून सुधारून घ्या. कन्नड येत नसेल तर या वर्षी शिका, मराठी येत नसेल तर मराठी. आणि रजेवर जाल तेव्हा मागे काय अडलं ते परत आल्यावर विचारा. जे अडलं असेल, ते आधी कुणाला तरी शिकवा.