मधला दुवा



सारंगखेडे ओळखले जाते ते दत्तजयंतीच्या घोडेबाजाराने. आज आम्ही बोलणार आहोत घरातल्या वायफायविषयी. घरबसल्या काम करणाऱ्या पोरीची जोडणी तुटली, की तिचा रोज बुडतो आणि दोष तिच्याच माथी येतो. म्हणून हा विषय आमचा.

मोठ्या घरात दोन-तीन यंत्रे ठेवून एकाकडून दुसऱ्याकडे लहरी पोचवतात, त्यास ‘मेश’ म्हणतात. पुष्कळ लोक दुसरे यंत्र जेथे लहर येतच नाही अशा मागच्या खोलीत ठेवतात. ज्याच्या पदरी काही नाही, तो पुढे काय देणार? ते निम्म्या वाटेवर, लहर जोमदार असेल तेथे ठेवावे.

आमच्या खानदेशातील धाब्याच्या घरांच्या जाड भिंती लहरी शोषतात. पत्रा, लोखंडी कपाट त्या परतवतात. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीत लवकर दमते; २.४ची धिमी, पण लांब पोचते. खात्रीचा उपाय म्हणजे यंत्रायंत्रांत तार ओढणे. ती १०० मीटरपर्यंत चालते. यंत्रे उगाच वाढवू नयेत. एकाच रेडिओवर बिनतारी टप्प्यागणिक वेग सुमारे निम्मा होतो.

मुख्य यंत्राला संगणक तारेने जोडून पाहावा. तेथेही जोडणी तुटली, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या सेवेचा. तुटल्याच्या वेळा वहीत टिपाव्या, शेजाऱ्यांच्या टिपणांशी ताडाव्या आणि तक्रार एकत्र करावी. एकट्याची कुरकूर कोणी ऐकत नाही; दहा घरांची वही टाळता येत नाही. संघटनेत आम्ही हेच शिकलो.