जुनेराचे मोल
(कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठीत ‘जुनेर’ असा एक शब्द आहे. नेसून विरलेले, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे म्हणजे जुनेर. नव्या पिढीच्या कानांवर हा शब्द क्वचितच पडतो. कारण वस्त्र विरेपर्यंत वापरण्याची वेळच आता घरात येत नाही. कपाट भरले की धडधाकट कपडे बाहेर पडतात. शब्द विस्मरणात जातो, तेव्हा त्यामागची रीतही बहुधा गेलेली असते. त्या रीतीचे स्मरण करणे हा आजचा विषय आहे.

दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या मराठी घरात कापडाचा प्रवास ठरलेला होता. लुगडे आधी सणावाराला, मग रोजच्या वापराला. विरले की त्याच्या मऊ भागातून तान्ह्या बाळाची झबली, दुपटी, कुंची निघत. उरलेले धोतराच्या तुकड्यांसह गोधडीच्या थरांत जाई. हीच पश्चिम महाराष्ट्रातील वाकळ. उन्हाळ्यात अंगणात थर अंथरायचे, चार शेजारणींनी चार कडांना बसायचे आणि धावदोरा घालीत जायचे. गोधडी जीर्ण झाली की ती नव्या गोधडीच्या पोटात जाई आणि अगदी शेवटी पोतेरे होऊन चूल सारवण्याच्या कामी येई. मातीतून कापूस होऊन आलेले वस्त्र शेवटी मातीलाच मिळत असे. ‘पुनर्वापर’ हा शब्द रूढ होण्यापूर्वीच त्याचे शास्त्र माजघरात नांदत होते.

याला केवळ गरिबीचा नाइलाज म्हणणे अपुरे ठरेल. गरिबी होती, यात शंका नाही. पण या देशाने चिंधीलाही प्रतिष्ठा दिली. विनयपिटकात कथा आहे की, मगधातील शेतांचे बांध पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला तसेच चीवर करावयास सांगितले आणि आनंदाने तुकडे जोडून ते सिद्ध केले. टाकून दिलेल्या चिंध्यांच्या चीवराला ‘पांसुकूल’ असे नाव मिळाले. श्रीकृष्णाच्या बोटाला द्रौपदीने बांधलेली चिंधी मराठी लोकमानसाने आजवर जपली आहे. विदर्भातील डेबूजी झिंगराजी जानोरकर अंगावर चिंध्यांचे वस्त्र पांघरीत, म्हणून लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ही म्हणत. तेच पुढे गाडगेबाबा म्हणून वंदनीय झाले.

प्रांत बदलला तरी हा धागा तुटत नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर शिवून कांथा होते. बिहारमध्ये सुजनी होते. तेथील स्त्रिया तुकडे जोडताना ‘चितिरिया माँ’चे, म्हणजे चिंध्यांच्या देवीचे स्मरण करीत. उत्तर कन्नडमधील यल्लापूर-हल्याळ भागातील सिद्दी स्त्रिया ‘कवंडी’ शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाचे दुमडलेले तुकडे लावल्याशिवाय ती पूर्ण मानीत नाहीत. सिद्दी समाजात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही आहेत. कवंडी मात्र सर्वांची एकच आहे.

आता आजचे चित्र पाहावे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात वर्षाकाठी सुमारे ७८ लाख टन वस्त्र-कचरा जमा होतो. जगाच्या एकूण वस्त्र-कचऱ्याच्या तो साडेआठ टक्के आहे. यात घरांतला, कारखान्यांतला आणि परदेशांतून आलेला असा सर्वच कचरा धरलेला आहे. हरियाणातील पानिपत शहर जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांचे तंतू करून त्यांपासून सूत आणि ब्लँकेटे तयार करते. हे मोठेच काम आहे. परंतु सुती आणि पॉलिएस्टर धागे एकमेकांत विणलेले असले की ते वेगळे करणे यंत्रालाही अवघड जाते. गोधडीचीही तीच अडचण आहे. सिंथेटिक साडीचा थर सुईखाली सरकतो, घाम टिपत नाही आणि अखेर मातीत मिसळतही नाही. म्हणून या रीतीचा पहिला टाका कापडाच्या दुकानातच पडतो. तेथे सुती वस्त्र निवडले, तरच पुढे जुनेर हाती येईल.

येथवर सर्वांची मान डोलेल. खरा कसोटीचा प्रश्न पुढे आहे. ही गोधडी शिवणार कोण?

जुन्या घरात हे श्रम आई, आजी, काकू यांचे होते आणि त्यांची किंमत कोणी मोजली नाही. आज या कलेचे गुणगान होते, प्रदर्शने भरतात, पण किमतीची चिठ्ठी पाहिली की तोच रसिक म्हणतो, “जुन्या कापडाचे एवढे पैसे?” थोडा हिशेब करावा. दाट टाक्यांच्या मोठ्या गोधडीला समजा सहा दिवस, रोज सहा तास लागले. म्हणजे ३६ तास. ताशी ५० रुपये धरले तरी केवळ शिलाई १८०० रुपये होते. एवढ्यात यंत्रावर झालेली दोन ब्लँकेटे येतात, हे खरे. पण जेथे ब्लँकेटाची किंमत निमूटपणे दिली जाते, तेथे वस्तीतल्या ताईंच्या ३६ तासांसाठी घासाघीस का व्हावी? श्रमाचे मोल न देता केलेला परंपरेचा गौरव पोकळ असतो. मुझफ्फरपूर जिल्ह्यातील सुजनीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२५ मध्ये तेथील निर्मला देवी यांना पद्मश्री मिळाली. हातांना काम, कामाला दाम आणि नावाला मान मिळाला, तेव्हा तेथील कला टिकली.

दुसरा प्रश्न दानाचा. सेवावस्तीत कपडे द्यावयाचे म्हणून फाटके, बटणे तुटलेले, न धुतलेले गाठोडे पुष्कळदा पुढे केले जाते. ते दान नाही. ती कचऱ्याची विल्हेवाट झाली. आपल्या सख्ख्या भावाला देताना संकोच वाटणार नाही, तेच द्यावे. धुऊन, उसवलेली शिवण घालून, घडी करून द्यावे. समरसतेचा विचार व्यासपीठावर मांडणे सोपे आहे. या घडीत तो दिसला पाहिजे.

मग घरी काय करता येईल? जुना लोकरी स्वेटर उसवावा, लोकरीच्या लडी करून धुवाव्यात, वजन बांधून वाळवाव्यात. वळ्या जातात आणि त्याच लोकरीतून कानटोपी किंवा मोजे विणता येतात. साडीच्या लांब पट्ट्या काढून जाड क्रोशाच्या सुईने पायपुसणे विणता येते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तरी बाजारात जाताना कापडी पिशवी घरीच विसरते. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात ‘एक थैला, एक थाली’ अभियानासाठी घराघरांतून कापडी पिशव्या गेल्या. तेच व्रत रोजच्या मंडईत का पाळू नये? शिवण मुलींबरोबर मुलांनाही शिकवावी. तुटलेले बटण स्वतः लावणारा मुलगा आईच्या श्रमाकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागतो.

अखेरीस एकच विनंती. या वर्षी प्रत्येक कुटुंबाने घरातील सुती जुनेर एकत्र करून एक गोधडी शिवावी. घरात हात आणि वेळ असेल, तर तीन पिढ्यांनी मिळून शिवावी. नसेल, तर बचत गटातील भगिनींकडून शिवून घ्यावी आणि त्या सांगतील ती शिलाई घासाघीस न करता द्यावी. आजीच्या लुगड्याची ऊब नातवाला मिळेल आणि शिवणाऱ्या ताईंच्या घरची चूलही पेटेल. एका गोधडीतून दोन्ही गोष्टी साधल्या, तरच जुनेराचे मोल आपल्याला खऱ्या अर्थाने कळले, असे म्हणता येईल.